शिट्टी कोणाची, क्लब कोणाचा?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

या अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हा अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक महागाईवर, बेकारीवर, फार तर अर्थसंकल्पावर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी फुटबॉलवर बोलणार असल्याचे कळवल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता पसरली आणि मग, 'सर, फुटबॉल?' एवढाच प्रश्न आला. तुमच्यापैकीही कित्येकांच्या मनात तो असेल. आपला रायगड कबड्डीचा जिल्हा. येथे गावागावात कबड्डीचे मंडळ असते आणि फुटबॉल म्हणजे शहरातल्या पोरांचे खूळ असे आपण समजतो. परंतु मला जे मांडायचे आहे ते दोन्ही खेळांना लागू आहे, आणि खेळाच्या बाहेरही लागू आहे. म्हणून थोडा धीर धरून ऐकावे, ही विनंती.

काही दिवसांपूर्वी मी अंधेरीहून हार्बरच्या गाडीने पनवेलला येत होतो. समोर तीन तरुण बसले होते. अंगात निळे टी-शर्ट, गळ्यात रुमाल. सामना पाहून परतत होते हे उघड दिसत होते. तिघांचा वाद असा रंगला होता की, वाशी कधी आले आणि खाडीपूल कधी गेला याचे त्यांना भान नव्हते. पहिला म्हणत होता, 'रेफ्री विकला गेलेला आहे.' दुसऱ्याचा राग एका खेळाडूवर होता. तो जास्त पैशांसाठी दुसऱ्या क्लबात गेला होता, त्यामुळे तो गद्दार ठरला होता. तिसरा दोघांना म्हणत होता, 'कशाला भांडता? मालकाने हात वर केले की क्लबच बंद पडणार आहे.' खारघर आले तरी वाद मिटला नव्हता. मी मात्र ऐकता ऐकता मनाशी म्हणत होतो की, हे तिघे तीन वेगळ्या गोष्टी बोलत आहेत असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ते एकाच प्रश्नाचे तीन तुकडे हातात घेऊन बसले आहेत. तो प्रश्न असा : जो जबाबदार आहे तो आपल्याला दिसतो का? आणि जो दिसतो, त्याच्यावरच आपण सगळा राग का काढतो?

प्रथम पंचाचा विचार करू. मैदानावर बावीस खेळाडू असतात आणि त्या प्रत्येकाच्या बाजूने ओरडणारे कोणी ना कोणी असते. पंचाच्या बाजूने कोणी नसते, आणि कोणी नसावे हीच त्याच्या कामाची अट आहे. इतर श्रमिक कापड, धान्य किंवा यंत्रे निर्माण करतात; पंच निःपक्षपातीपणा निर्माण करतो. हा माल डोळ्यांना दिसत नाही. तो उत्तम असतो तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडला, की हजारो लोकांच्या देखत बिघडतो. त्याला निर्णयासाठी क्षणभराचा अवधी मिळतो आणि आपण तोच प्रसंग पडद्यावर चार बाजूंनी, सावकाश, दहा वेळा पाहून त्याला मूर्ख ठरवतो. आपल्याकडील बहुसंख्य पंच दुसरी नोकरी सांभाळून हे काम करतात, हेही आपण विसरतो.

१६ ऑगस्ट १९८० हा दिवस माझ्या पिढीला आठवत असेल. कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असता मैदानातील धसमुसळेपणा प्रेक्षकांत पसरला, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा फुटबॉलप्रेमी प्राणास मुकले. बंगालमध्ये तो दिवस आजही पाळला जातो. एवढे होऊनही आपण फारसे शिकलो नाही. ९ डिसेंबर २०१२ रोजी याच दोन संघांच्या सामन्यात एका खेळाडूला लाल कार्ड मिळाले, प्रेक्षकांतून दगड आले, एक खेळाडू जखमी झाला आणि मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात उतरलेच नाही. क्लबावर प्रथम बंदी आली. पुढे ती उठवून दोन कोटी रुपयांचा दंड करण्यात आला. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरला, सुनील छेत्रीने झटकन घेतलेली फ्री किक पंचांनी ग्राह्य धरली म्हणून केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकाने आपला संघ मैदानाबाहेर नेला. त्या क्लबाला चार कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी. हा केवळ आपला दोष आहे असेही समजू नये. त्याच २०१२ च्या डिसेंबरात हॉलंडमधील आल्मेरे या गावी मुलांच्या एका सामन्यात स्वयंसेवक म्हणून लाइन्समनचे काम करणाऱ्या गृहस्थाला प्रतिपक्षाच्या लोकांनी इतके मारले की, दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. तो गृहस्थ खेळणाऱ्या मुलांपैकीच एकाचा बाप होता.

येथे मला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. तो सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा अधिकार मला नाही.

१९८१ साली मी मुंबईत विद्यार्थी होतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आमचा संघ शेवटच्या पाच मिनिटांत दिलेल्या पेनल्टीवर हरला. सामना संपताच आम्ही पंचाला घेरले. कोणीतरी त्याच्या गळ्यातली शिट्टी ओढून फेकून दिली. मी हात उगारला नाही. पण सर्वांत मोठ्याने शिव्या देणाऱ्यांत मी होतो. तो माणूस खाली वाकला, गवतातून शिट्टी शोधून त्याने ती सदऱ्याला पुसली आणि तो एक शब्द न बोलता निघून गेला. आम्ही त्या दिवशी पराक्रम केल्याच्या आनंदात घरी गेलो.

पुढच्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी धान्य गोळा करून पोचवण्याच्या कामात आम्ही काही विद्यार्थी होतो. लालबागच्या एका चाळीत ज्वारीचे पोते घेऊन मी एका खोलीच्या दारात उभा राहिलो आणि समोर खुंटीला टांगलेली शिट्टी पाहिली. त्याखाली तोच माणूस बसला होता. तो साचेखात्यात कामाला होता. त्याने मला ओळखले, तरीही बसायला सांगितले आणि चहा दिला. मी माफी मागण्याचा प्रयत्न केला. तो म्हणाला, 'त्या दिवशी रातपाळी करून तसाच मैदानावर आलो होतो. मला जे दिसलं ते दिलं. चुकलं असेल, नाही असं नाही. पण तुम्हां पोरांपैकी कोणी शिट्टी धरायला तयार होता का रे?'

मित्रहो, या प्रश्नाला माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते आणि आजही नाही. कामगारांच्या बाजूने उभे राहण्याच्या गोष्टी मी करीत होतो. आणि माझ्या समोर, रातपाळी करून आलेला एक कामगार बसभाड्यावर आमच्या खेळाची सेवा करीत होता, त्याला मी शिव्या दिल्या होत्या. पंचाला मान देणे ही शिष्टाचाराची बाब आहे असे आपण समजतो. मला ती त्याहून मोठी वाटते. आपल्याविरुद्ध गेलेला निर्णय मान्य करणे, त्याविरुद्ध दाद मागायची तर नियमाने मागणे आणि झुंडीच्या बळावर तो फिरवण्याचा प्रयत्न न करणे, हे ज्याला मैदानावर जमत नाही त्याला ते सभेत आणि निवडणुकीतही जमणार नाही.

याचा अर्थ पंच चुकत नाहीत, किंवा त्यांना कोणी जाब विचारू नये, असा नाही. पंचाच्या कामाची तपासणी व्हावी, प्रशिक्षण व्हावे, लबाडी सिद्ध झाली तर शिक्षाही व्हावी. माझा मुद्दा एवढाच आहे की, पंचाचा हिशेब मैदानावर उघड असतो; ज्यांचा हिशेब बंद खोलीत असतो त्यांच्याकडे मात्र आपली दृष्टी जात नाही.

आता दुसरा तरुण, ज्याला क्लब सोडणारा खेळाडू गद्दार वाटत होता. त्याचे दुःख मी समजू शकतो. ज्याच्या नावाच्या घोषणा दिल्या तो उद्या समोरच्या बाजूने गोल करतो तेव्हा मन दुखते. परंतु आपण कामगार चळवळीचे लोक आहोत. गिरणीतला कामगार चांगल्या मजुरीसाठी दुसऱ्या गिरणीत गेला, तर आपण त्याला गद्दार म्हटले नसते. मग खेळाडूला वेगळा न्याय का?

इंग्लंडमध्ये १९६१ च्या जानेवारीपर्यंत व्यावसायिक फुटबॉलपटूचा पगार आठवड्याला वीस पौंडांहून अधिक असता कामा नये असा नियम होता. मैदाने ओसंडून वाहत होती, तिकिटाचे पैसे मालकांच्या तिजोरीत जात होते, आणि खेळाडूच्या मजुरीला मात्र छत घातलेले होते. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिली तेव्हा ते छत कोसळले. तरीही करार संपल्यावर खेळाडूला अडकवून ठेवण्याचा क्लबाचा हक्क शिल्लक होताच. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूने न्यूकॅसल क्लबाविरुद्ध दावा लावला आणि १९६३ साली न्यायालयाने हे बंधन अन्यायकारक ठरवले. पुढे बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमन याचा करार १९९० साली संपला. त्याला फ्रान्समधील डंकर्क क्लबात जायचे होते. जुना क्लब पैशांसाठी त्याला सोडीना, आणि राहा म्हणे तर कमी पगारावर. पाच वर्षे तो कोर्टाच्या पायऱ्या चढला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपल्यावर युरोपीय समुदायातील खेळाडू मोकळा आहे. आज जे खेळाडू कोट्यवधी मिळवतात ते या माणसाच्या खांद्यावर उभे आहेत. त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र पुढे हलाखीच आली.

पण येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खेळाडू मोकळा झाला हे योग्यच झाले; परंतु ज्या बाजारात तो मोकळा झाला तो बाजार समान नव्हता. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे सगळे गुणवान खेळाडू जमा होऊ लागले. २०१७ साली नेमार या ब्राझीलच्या खेळाडूसाठी पॅरिसच्या क्लबाने बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले. त्या पॅरिसच्या क्लबामागे कतारच्या राज्यसंस्थेचा पैसा आहे. लहान गावाचा क्लब पोराला दहा वर्षे घडवतो आणि तो खेळू लागला की मोठा क्लब त्याला घेऊन जातो. शेतमालाच्या बाबतीत हे आपण पाहिले आहे : पिकवणारा एकीकडे, कमावणारा दुसरीकडे.

यावर उपाय काय? खेळाडूला पुन्हा बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. उपाय आहे तो पैशाचा वाटा मागे, घडवणाऱ्याकडे वळवण्याचा. जागतिक फुटबॉल संघटनेचा, म्हणजे फिफाचा, तसा एक नियम आहे. खेळाडू करार चालू असता एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर त्या व्यवहारातील पाच टक्के रक्कम, त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांच्या काळात ज्यांनी घडवले त्या क्लबांत वाटली जाते. पाच टक्के फार नव्हेत. पण तत्त्व महत्त्वाचे आहे. घडवणे हेही श्रम आहेत आणि त्या श्रमांचे मोल आहे, हे त्यात मान्य झाले.

आपल्याकडे तर उलटाच प्रकार आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि कबड्डीपटूंचा लिलाव होऊ लागला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत यांच्यावर दोन कोटी साठ लाख पन्नास हजारांची बोली लागली. आपल्या मातीतल्या खेळाडूला चांगले पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. दिवसभर राबून संध्याकाळी खेळणारे कबड्डीपटू ज्याने पाहिले त्याला तो होणारच. परंतु 'लिलाव' हा शब्द आपल्या कानाला खटकेनासा झाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. लिलावात बोली लावणारा निवड करतो. ज्याच्यावर बोली लागते त्याला कोणत्या गावी, कोणत्या मालकाकडे जायचे हे ठरवता येत नाही. बोसमनने जो हक्क मिळवला तो येथे नाही. याला खुला बाजार म्हणतात! खुला कोणासाठी, हे विचारायला हवे. आणि ज्या गावच्या मंडळाने त्या पोराला मातीत लोळवून घडवले, त्या मंडळाच्या हाती काय लागते, हेही विचारायला हवे.

आता तिसरा तरुण. 'क्लबच बंद पडणार आहे' असे म्हणणारा. मला वाटते, तिघांत तोच मुळाच्या सर्वांत जवळ होता.

मी तरुण असताना मुंबईच्या कूपरेज मैदानावर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे अशा संघांचे सामने होत. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा तेथे भरे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी ती जिंकली होती. या संघांतील खेळाडूला नोकरी असे. पगार बेताचा, पण गुडघा मोडला तरी चूल पेटत असे. ती व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणणार नाही. संघ कंपनीच्या मर्जीवर चालत. मर्जी फिरली की संघ मिटे. महिंद्र संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २००३ आणि २००५ साली फेडरेशन कप जिंकला, २००८ साली ड्युरँड कप जिंकला. आणि २०१० साली तो बंद करण्यात आला. तो संघ जिंकत असताना बंद झाला, हे लक्षात घ्या.

त्यानंतरची महाराष्ट्राची यादी मी वाचून दाखवतो. पुणे एफसी, २००७ साली सुरू, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक, २०१५ साली समाप्त. पुण्याचाच भारत एफसी, एकच हंगाम, तोही २०१५ सालीच समाप्त. मुंबई एफसी, २००७ साली स्थापना, २०१७ साली बंद. डीएसके शिवाजियन्स, त्याच वर्षी आय-लीगमधून बाहेर. एफसी पुणे सिटी, २०१४ साली मोठ्या गाजावाजाने सुरू, मालक उद्योगसमूह कर्जात बुडताच २०१९ साली विसर्जित. त्याची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. त्या हैदराबादच्या क्लबाने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले आणि दोन वर्षांत तेथे खेळाडूंचे पगार थकले. दहा वर्षांच्या आत एका राज्यातील सहा क्लब! यातील एकाही क्लबाच्या प्रेक्षकांना कोणी विचारले नाही. एकाही ठिकाणी सभा झाली नाही. पत्रक निघाले आणि कुलूप लागले.

आता देशाच्या लीगकडे पाहा. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटी रुपयांच्या मोबदल्यात, एका खाजगी कंपनीला दिले. तो करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपायचा होता. नव्या कराराचे ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्येच नवा हंगाम थांबवण्यात आला. ऑगस्टमध्ये बंगळूर आणि चेन्नईच्या क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार रोखले. ते वर्ष संपले तरी इंडियन सुपर लीगचा चेंडू हलला नव्हता. मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के भाग २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालक-समूहाने घेतले होते. त्या काळात क्लबाने दोनदा लीग शिल्ड आणि दोनदा चषक जिंकला. डिसेंबर २०२५ मध्ये तो समूह आपले भाग सोडून निघून गेला. गाडीतल्या त्या तीन तरुणांनी वर्षानुवर्षे तिकिटे काढली, ढोल वाजवले, प्रवास केला. त्यांच्या मालकीचे काय होते? अंगातला टी-शर्ट.

इंग्लंडमध्ये बरी नावाचे गाव आहे, कापड गिरण्यांचा प्रदेश. त्या गावचा क्लब १८८५ सालचा. १९०० आणि १९०३ साली त्याने एफए कप जिंकला होता. अलीकडे तो एका धंदेवाल्याने अवघ्या एका पौंडात घेतला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पैशाची तरतूद दाखवता न आल्यामुळे, लीगमधून हाकलला गेला. पण त्या गावच्या लोकांनी हार मानली नाही. त्यांनी मैदान परत मिळवले, आपसांतील वाद मिटवून दोन गट एकत्र केले आणि २०२३ साली त्या मैदानावर पुन्हा बरीचा संघ उतरला. जर्मनीत तर नियमच आहे की, काही अपवाद सोडता, क्लबातील मतांचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे.

आता येथे टाळ्या वाजवून 'सभासदांची मालकी हाच उपाय' असे म्हणून मी बसलो असतो, तर भाषण सोपे झाले असते. पण आपण अभ्यासवर्गात आहोत. बार्सिलोना हा क्लब सभासदांच्याच मालकीचा आहे. त्याचे पदाधिकारी निवडून येतात. तरीही २०२१ सालापर्यंत त्याच्यावर शंभर कोटी युरोंहून अधिक कर्ज झाले आणि ज्या मेस्सीला त्यांनी लहानपणापासून घडवले त्याला ठेवून घेणेही त्यांना शक्य झाले नाही. आपल्या राज्यात सभासदांच्या मालकीच्या साखर कारखान्यांचे काय झाले, हे मी सांगायला नको. आणि पनवेलकरांना तर मुळीच सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२१ साली रद्द केला तेव्हा ज्यांची आयुष्याची पुंजी तेथे होती, ती माणसे याच तालुक्यातली होती. कागदावर ती संस्था सभासदांचीच होती. मालकी नावावर असणे आणि मालकाने वही उघडून पाहणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वही न पाहणारा सभासद हा मालक नसतो, तो प्रेक्षकच असतो.

कोल्हापूरचे उदाहरण मला या बाबतीत फार शिकवणारे वाटते. तेथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे घराण्याच्या नावासारखी घेतली जातात. शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते. मुंबई-पुण्याचे कोट्यवधींचे क्लब आले आणि गेले; कोल्हापूरच्या तालमी आहेत तेथेच आहेत, कारण त्या कोणा एकाच्या खिशावर उभ्या नाहीत. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. परंतु त्याच कोल्हापुरात खेळाडूंच्या पळवापळवीवरून पेठापेठांत वैर होते, परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ लागते, आणि पंचांना धक्काबुक्की होऊन सामने थांबण्याचे व पोलिसांना लाठी उगारावी लागण्याचेही प्रसंग आले आहेत. म्हणजे क्लब लोकांचा झाला तरी लोक आपोआप शहाणे होत नाहीत. मालकीबरोबर जबाबदारीची शिस्त आली नाही, तर झुंड ही झुंडच राहते. मात्र ती आता स्वतःच्याच घरात दंगा करते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पंचाचा मान, खेळाडूचा हक्क आणि क्लबाची मालकी या तिन्ही गोष्टी एकत्र साधाव्या लागतील. एक सोडून दुसरी साधणार नाही.

आपण काय करू शकतो? देशाची लीग येथे बसून चालवता येणार नाही. पण तुमच्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या मंडळाचे पदाधिकारी आहात. कबड्डीच्या, क्रिकेटच्या, अलीकडे फुटबॉलच्याही स्पर्धा भरवता. सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात गावांची खेळण्याची मोकळी जागा गेली. आज आपली पोरे तासाच्या भाड्याने टर्फवर खेळतात. अशा वेळी जी मंडळे टिकून आहेत ती मोलाची आहेत. त्यांच्यासाठी मी तीन सूचना करतो.

पहिली सूचना पंचासंबंधी. प्रत्येक मंडळाने खेळाडूंबरोबर दोन तरुण पंचाचे शिक्षण घेण्यासाठी द्यावेत. ज्या मंडळाने पंच दिला नाही त्याला पंचाविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार नाही. पंचाचे मानधन सामन्यापूर्वी त्याच्या हाती द्यावे. निकाल लागल्यावर, चेहरा पाहून देऊ नये. आणि पंचाशी फक्त कर्णधाराने बोलावे. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत हा नियम लावण्यात आला होता. आपल्या गावात तो लावायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दुसरी सूचना खेळाडूसंबंधी. मंडळ सोडून जाणाऱ्या खेळाडूला हार घालून निरोप द्यावा, शिव्या देऊन नव्हे. त्याचबरोबर तालुक्यातील मंडळांनी आपसांत ठरवावे की, बक्षिसाच्या रकमेतील काही वाटा त्या खेळाडूला घडवणाऱ्या मूळ मंडळाकडे जाईल. किती, ते तुम्ही बसून ठरवा. रक्कम लहान असली तरी चालेल. ती दिली जाते, हे पोरांना दिसले पाहिजे.

तिसरी सूचना सर्वांत कठीण. वर्षातून एकदा मंडळाचा जमाखर्च फळ्यावर लिहावा आणि भर सभेत वाचावा. देणगीदाराचे नाव, रक्कम आणि ती कशावर खर्च झाली, हे सगळे त्यात यावे. कोणा एका पुढाऱ्याच्या किंवा बिल्डरच्या देणगीवर मंडळाचे अर्ध्याहून अधिक काम चालत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा, मग तो पुढारी आपल्या पक्षाचा का असेना. ज्या दिवशी तो हात काढून घेईल त्या दिवशी त्या मंडळाला कुलूप लागेल, आणि तेव्हाही आपण राग काढायला कोणता तरी पंच शोधू.

गाडी पनवेलला आली तेव्हा ते तिघे तरुण उतरता उतरता अजून रेफ्रीलाच दोष देत होते. मी त्यांना काही बोललो नाही. गाडीत अनोळखी म्हाताऱ्याचे प्रवचन कोण ऐकणार? पण एकाला एवढे मात्र विचारले, 'बाळांनो, तुमच्यापैकी कोणी कधी शिट्टी धरली आहे का?' तो हसला आणि 'नाही हो काका, ते काम कोण करणार?' म्हणाला.

चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लालबागच्या खोलीत जो प्रश्न मला विचारला गेला, तो मी असा पुढे दिला. आता तो तुमच्या हाती देतो. पुढच्या अभ्यासवर्गाला मी येईन तेव्हा, कोणत्या मंडळाने दोन पंच दिले आणि कोणत्या मंडळाने आपला हिशेब फळ्यावर लिहिला, हे मला ऐकायचे आहे.